हाडबाईंची दोन पोती

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारी हाडबाईंनी देवाच्या दगडावरचा शेंदूर खरवडून काढला. सकाळची शाळा होती. सातवीचा वर्ग वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रांगेत उभा होता. बाईंकडे घरचे उलथने, गोडेतेलाची बाटली आणि जुन्या लुगड्याची चिंधी होती. शेंदराचा थर करवंटीएवढा जाड झालेला होता. तो निघाला तेव्हा खालून पांढुरका, बारीक भोकाभोकांचा भाग दिसू लागला. बाईंनी मुलांना विचारले, "काय दिसते?" एक जण म्हणाला, "मोहोळ." दुसरा म्हणाला, "बोकडाची नळी फोडली का आतून अशीच दिसते." बाई म्हणाल्या, "बस. ते हाड आहे."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यातले हे गाव. त्याचे नाव इथे देत नाही; हाडबाईंची तशी अट होती. जमिनीतून वर आलेले, जात्याएवढे रुंद असे ते टोक गावात 'राकेसाची मांडी' म्हणून ओळखले जाई. देवाने राक्षस मारला, त्याची मांडी इथे पुरली, वरून शेंदूर लावून त्याला निजवले, अशी गोष्ट होती. नांगर तिच्याजवळ नेला तर नेणाऱ्याच्या घरात कोणाचा तरी पाय वाळतो, असे लोक मानत. म्हणून नांगरताना बैल लांबूनच वळवायचे, हा त्या वावराचा रिवाज होता. बैल जाऊन ट्रॅक्टर आला तरी वळण तेच राहिले. दगडाभोवती आठ-दहा खाटा मावतील एवढी जागा कोणाच्याही आठवणीत नांगरली गेली नव्हती. तिथे गवत आणि बोरीची झुडपे होती.

हाडबाई तिथल्या जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवत. माहेर भद्रावतीचे, कारखान्याच्या वसाहतीतले. लग्न केले नव्हते. हाडबाई हे नाव मुलांनी दिलेले. बाईंना ते माहीत होते आणि त्या त्याला ओ देत. चंद्रपूरच्या आमच्या वृत्तपत्राच्या कार्यालयात त्या पहिल्यांदा आल्या त्या तक्रार घेऊन. नदीकाठी राक्षसाची कवटी सापडल्याची बातमी आमच्याकडे छापून आली होती. बाईंनी टेबलावर लिंबाएवढा एक दगड ठेवला आणि विचारले, "काय दिसते?" दगड लांबट होता, एका टोकाला निमुळता, वरून पीळ पडल्यासारखा. मी म्हणाले, "दगड." त्या म्हणाल्या, "हे शेण आहे. साडेसहा कोटी वर्षांहून जुनं. राक्षसाची बातमी लिवता, याची काऊन नाई लिवत?"

त्यांचा खरा विक्षिप्तपणा मात्र जिभेचा होता. वावरातला कुठलाही पांढुरका दगड उचलला की पदराला पुसून त्या तो जिभेच्या टोकाला लावत. साधा दगड सुटून येतो. जुन्या हाडाला बारीक छिद्रे असतात, ते जिभेला चिकटते. हे त्यांनी मुलांनाही शिकवले होते. शाळेत तपासणीला आलेल्या एका साहेबांसमोर सबंध वर्ग दगड चाटत बसल्याची गोष्ट तालुकाभर सांगितली जाई. "आणि बाई, शेण असलं तर?" असे कोणी विचारलेच तर त्या म्हणत, "ते बी चाटून झालं. मेली नाई मी." त्या शेणाच्या दगडांत गवताचे कण सापडतात, हे त्या पुढे सांगत. एवढाल्या डायनासोरांच्या काळात गवत उगवलेले होते, हे कळले ते हाडांवरून नाही, शेणावरून कळले. त्यामुळे कशालाही नाक मुरडू नये, असा त्यांचा नियम होता.

पावलांचा धडा त्या शाळेच्या व्हरांड्यात घेत. मुलांना पाय ओले करून आधी चालायला लावत, मग धावायला. "वाघ मागं लागला समजा," असे त्या म्हणाल्या की एखादी मुलगी हमखास म्हणे, "वाघाचं नका म्हणू बाई, इथी खरंच येते." मग सुतळीने दोन ठशांतले अंतर मोजायचे. पाऊल तेवढेच राहते, अंतर वाढते. त्या अंतरावरून जनावर चालले की धावले ते समजते. पावलाच्या लांबीच्या साधारण चौपट कंबरेची उंची धरतात, त्यावरून ते केवढे होते ते समजते. शेजारी शेजारी एकाच दिशेने ठसे असले तर कळप असावा. आणि ठशांमागे शेपूट घासल्याची रेघ सहसा मिळत नाही, म्हणजे शेपूट वर धरून ते चालत. इतके सांगून झाले की त्या अंगणातल्या कोंबडीकडे बोट दाखवत. मागच्या दोन पायांवर चालणाऱ्या, तीन बोटांच्या शिकारी डायनासोरांच्या कुळातली ही आजची वारस. एका मुलाने त्यावर उभे राहून सांगितले होते, "बाई, आमच्या घरी काल पाव्हणे आलते. आमी डायनासोर कापला."

त्या गावच्या मातीत पावले नव्हती. हाडे होती, अंड्यांची टरफले होती, शेण होते. याची बाईंना खंत होती. "हाड मेल्यावरचं असते, पाऊल जित्याचं असते," असे त्या म्हणत. पण हाडही बरेच सांगते, हे त्या जाणून होत्या, आणि त्यासाठी एक अट असे. त्यांच्या खोलीतल्या प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असे: कुठल्या वावरात, किती खोल, शेजारी काय होते. त्याला त्या हाडाचा पत्ता म्हणत. हाडे एकमेकांना जोडून सापडली तर जनावर मेले तिथेच गाडले गेले. विखरून सापडली तर पाण्याने वाहून आणले. दातांच्या खुणांसह सापडली तर कोणीतरी खाल्ले. "पत्ता गेला का हाड मुकं होते," हे त्यांचे वाक्य मी स्वतः अनेकदा ऐकले आहे.

शेंदूर काढण्याचे कारण सुवर्णा होती. ज्या वावरात ती मांडी होती, त्या वावराचे मालक लहानूभाऊ. सुवर्णा त्यांची मुलगी, बाईंच्याच वर्गातली. पावसाळ्यात तिचा डावा पाय ओढत चालू लागला. पोळ्यापर्यंत ती पायरी चढताना भिंत धरू लागली. गावाने हिशेब लावला की लहानूभाऊंच्या वावरातला ट्रॅक्टर त्या वर्षी वळणावर हातभर आत गेला होता. लहानूभाऊंनीही तो मानला. मांडीपुढे नारळ झाले, कोंबडा झाला, बोकडाचा नवस झाला. बाई तीनदा त्यांच्या घरी जाऊन दवाखान्याचे बोलल्या. लहानूभाऊंच्या आईने सांगितले, "आधी त्याले शांत करू द्या, बाई. मंग दवाखाना."

म्हणून बाईंनी उलथने नेले. त्यानंतर सबंध सुट्टीभर त्या रोज दुपारी डबा घेऊन त्या हाडावर जाऊन बसल्या. डावा पाय त्याच्यावर आडवा टाकत आणि जेवत. लोक धुऱ्यावरून पाहत. लहानूभाऊंच्या आईने एकदा सगळ्यांदेखत टोमणा मारला, "तुमच्यात देव नाई, तुमचं बरं आहे." बाई म्हणाल्या, "आमच्यात देव नाई माय, पण पाय तं आहेत. वाळू द्या माह्या. वाळला का सांगा." पाय वाळला नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी लहानूभाऊंनी सुवर्णाला चंद्रपूरला आणले. तिथून नागपूर. मणक्यापाशी गाठ होती आणि ती नसेवर दाबत होती. गाठ काढली. आणखी उशीर झाला असता तर दोन्ही पाय गेले असते, मग जीवही, असे डॉक्टरांनी लहानूभाऊंना सांगितले. सुवर्णा होळीच्या आधी शाळेत परत आली. थोडी लंगडत, पण भिंत न धरता.

एवढीच हकीकत असती तर ती बातमी होती. मी ती लिहायला घेतली होती.

त्या उन्हाळ्यात, नांगरटीच्या दिवसांत, लहानूभाऊ संध्याकाळी बाईंच्या दारात आले. ट्रॉलीत एक पोते होते. पुढचे संभाषण मला आधी बाईंनी आणि नंतर लहानूभाऊंनी सांगितले. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

"बाई, हे घ्या. तुमचे हाडं आनलो."

"कुठले?"

"अवं, राकेसाचे! अर्धी जागा साफ केलो आज. खालून निघूनच राह्यले, निघूनच राह्यले. तुमीच म्हनल्या नं, नुसते हाडं आहेत म्हून? भ्याव गेला आमचा. मायनं स्वता धुतले, पाहा. मातीचा कन नाई ठेवला."

पोत्यात मांडीचे हाड नव्हते. ते इतके मोठे होते की नांगर त्याला अडून बाजूने गेला होता. होते ते बाकीचे: बरगड्यांचे तुकडे, शेपटीचे मणके, काय होते ते न कळणारे पुष्कळ. नव्या तुटीच्या कडा पांढऱ्या होत्या. दगडाभोवतीची जागा कधीच नांगरली गेली नव्हती, म्हणून खाली काय आहे हे कोणालाच माहीत नव्हते. बाईंनाही नव्हते. त्या हाडावर पाय टाकून जेवत होत्या तेव्हा त्यांच्या खाली बाकीचे जनावर होते.

बाईंनी चहा केला. सुवर्णाच्या पायाची चौकशी केली. जाताना लहानूभाऊ म्हणाले, "बाकीचे पुढच्या साली आनतो. नांगर तुटन म्हून ट्रॅक्टरवाला दगडाले भेते." बाई म्हणाल्या, "बरं केलं."

'बरं केलं' हे दोन शब्द बाईंनी नंतर माझ्याजवळ इतक्या वेळा उच्चारले की त्यांचा सूर मला पाठ झाला. "माणूस पोट्टीचा जीव वाचला म्हणून देणं घेऊन आला होता," त्या म्हणत. "त्याच्या तोंडावर कसं सांगू, का तू आणलं ते देणं नाई, मढं आहे?" सांगायचे त्यांच्या मनात होते. वर्षभरात त्या कितीतरी वेळा लहानूभाऊंच्या घरी गेल्या. प्रत्येक वेळी सुवर्णा येऊन समोर बसली, आणि प्रत्येक वेळी बाई चहा पिऊन परत आल्या. शाळेत त्या वर्षी हाडांचा धडा त्यांनी घेतला नाही. मुलांनी विचारले तेव्हा "पुढच्या आठवड्यात" असे सांगत राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरे पोते आले. यंदा मोठा ट्रॅक्टर होता आणि नांगर खोल गेला होता. लहानूभाऊ घाईत होते; पोते ओट्यावर ठेवून, हात जोडून ते गेले. बाईंनी एकेक तुकडा काढला. तळाशी दोन मणके होते, ताटाएवढाले, एकमेकांत बसलेले, मधल्या मातीचा दगड होऊन कायमचे जोडलेले. याचा अर्थ बाईंना लगेच कळला. जनावर विखुरलेले नव्हते. ते जिथे मेले तिथे अख्खे पडून होते, मणक्याला मणका लागून.

नागपूरहून भूशास्त्राचे एक प्राध्यापक आले. बाईंनीच बोलावले होते. त्यांनी दोन्ही पोती ओट्यावर पसरली आणि बराच वेळ जोडीचे मणके हातात धरून बसले. लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या मोठ्या डायनासोरचे असावेत, एवढे त्यांनी सांगितले. मग प्रत्येक तुकड्याची जागा विचारली. बाईंनी सांगितले की चिठ्ठ्या नाहीत. प्राध्यापकांनी कोणी खोदले ते विचारले. बाई म्हणाल्या, "मी." मी तिथे होते. प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. मी मणक्यांकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी बाई लहानूभाऊंकडे गेल्या. मला बरोबर घेतले, कारण एकटी गेले तर परत चहा पिऊन येईन, असे त्या म्हणाल्या. लहानूभाऊ बाजेवर होते. त्यांची आई तांदूळ निवडत होती. सुवर्णा दारात. बाईंनी चहा आधीच नको म्हटला, आणि उभ्यानेच सगळे सांगितले: खाली काय होते, कसे होते, नांगराने त्याचे काय झाले, आणि नांगर थांबवायला हवा हे आपल्याला पहिल्या पोत्याच्याच दिवशी कळले होते.

लहानूभाऊंनी आधी आईच्या हातांकडे पाहिले. मग म्हणाले, "मंग पयल्या पोत्यालेच काऊन नाई सांगलं, जी?"

"तुमचं तोंड पाहून."

"माह्या तोंडाले काय झालतं?"

"खुश होतं."

आई तांदळातून मान वर न काढता म्हणाली, "आमाले धुवाले लावलं नं वरून. हात सोलले माहे." कोणी हसले नाही. मग ती स्वतःच हसली.

"पोरीच्या बदल्यात काईतरी द्याचंच होतं मले," लहानूभाऊ म्हणाले. "तुमी सांगतल्या असत्या तं दुसरं देलो असतो. मी का वाघ आहो का, खाले?" थोड्या वेळाने ते म्हणाले, "धुऱ्याकडं एक पट्टी राह्यली आहे अजून. तिले शेंदूर लावतो परत. मांडीले बी लावतो. कोनी हात नाई लावनार."

बाई म्हणाल्या, "नाई."

"काऊन? तुमचे हाडं वाचतीन नं?"

"वाचतीन," बाई म्हणाल्या. "आन उद्या कोणाच्या पोराचा पाय दुखला, तं तो बी आधी तुमच्या वावरात येईन नारळ घेऊन. मंग दवाखान्यात."

लहानूभाऊंनी दारातल्या सुवर्णाकडे पाहिले. पुढे शेंदराचा विषय निघाला नाही. उठताना ते म्हणाले, "तुमी म्हनता तं सोडतो पट्टी. देवाच्या नावानं सोडत होतो, आता बाईच्या नावानं." बाईंना ते आवडले नाही, हे मला वाटेत कळले. "माह्या नावानं कितीक दिवस सोडन तो?" त्या म्हणाल्या. "मी गेली का नांगरन." म्हणून पुढच्या रविवारी त्या लहानूभाऊंना आपल्या ओट्यावर घेऊन आल्या. जोडीचे मणके त्यांच्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, "काय दिसते?" त्या दिवशी काय काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. लहानूभाऊ दिवस मावळेपर्यंत तिथे होते, एवढे शेजाऱ्यांनी सांगितले.

माझी बातमी तशीच पडून होती. मुलगी वाचली, अंधश्रद्धा हरली, अशी ती होती, आणि खरी होती. मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "लिवा. पण पोत्यांचं बी लिवा." मी म्हणाले की पोत्यांचे लिहिले तर लोक म्हणतील, शेंदूर होता तेच बरे होते. "ते बी खोटं आहे," त्या म्हणाल्या. "शेंदूर राह्यला असता तं पोट्टी गेली असती. मी दोन्ही करू शकत होती. आधी पोट्टीले दवाखान्यात नेयाचं, मंग त्याच रात्री लहानूभाऊले सांगाचं, का ही जागा नांगरू नको. एका वाक्याचं काम होतं. मी भीती काढली आन तिच्या जागी काहीच ठेवलं नाई." मी दोन्ही गोष्टी मावतील अशी बातमी लिहून पाहिली. ती जमली नाही.

त्यानंतर बाई त्या वावरात गेल्या नाहीत. शाळेत हाडांचा धडा त्यांनी पुन्हा सुरू केला, पण त्याचा क्रम बदलला. आता त्या पोत्यांपासून सुरुवात करत. वर्गात दोन्ही पोती आणून ठेवत आणि सांगत की ही माझी चूक आहे, हिच्यावरून काय काय कळत नाही ते शिका. या जनावराची मान कुठे वळली होती, ते कळत नाही. त्याला कोणी खाल्ले का, कळत नाही. शेजारी दुसरे होते का, कळत नाही. मुले हे उतरवून घेत. एका मुलीने घरी जाऊन सांगितले की बाई स्वतःलाच रागावतात. दगड जिभेला लावण्याची सवय त्यांनी सोडली होती. मी एकदा वाटेत एक पांढुरका दगड उचलून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो बोटांनी फिरवून पाहिला आणि होता तिथे, त्याच कुशीवर, परत ठेवला.

निवृत्तीनंतर त्या भद्रावतीला भावाकडे राहायला गेल्या. पोती प्राध्यापकांच्या विभागात पाठवली. धुऱ्याकडच्या पट्टीत रीतसर खोदकाम व्हावे म्हणून त्यांनी अर्ज केले. त्यातल्या काहींचे मसुदे मी लिहून दिले. माझी त्यांची भेट होई तेव्हा त्या ख्यालीखुशालीच्या आधी विचारत, "पट्टी आहे?" मी सांगे की आहे. "गेल्त्या का पाहाले?" त्या विचारत. मी गेले नसले तर तसे सांगे, आणि मग त्या माझे 'आहे' हे उत्तर धरत नसत.

गेल्या हिवाळ्यात हाडबाई भावाच्या घरी वारल्या. झोपेतच गेल्या, असे भावाने सांगितले. बुद्धवंदना झाली तेव्हा गावातून लहानूभाऊ, त्यांची आई आणि सुवर्णा एसटीने आले होते. सुवर्णा आता चंद्रपूरला कॉलेजात आहे.

जूनमध्ये मी त्या गावी गेले. लहानूभाऊ वावरातच होते. पट्टी का सोडली, असे मी विचारले. बाईंचे नाव ते घेतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी हातातल्या काडीने मांडीच्या हाडापासून धुऱ्याकडे जमिनीवर एक रेघ ओढली. "शेपूट तिकडं, मांडीच्या पल्याड निघाली, पयल्या पोत्यात," ते म्हणाले. "जोडीचे मनके इथी. म्हंजे मान धुऱ्याकडं गेली असन. डोस्कं बी असन तिथीच." मी विचारले की हे बाईंनी सांगितले का. ते म्हणाले, "नाई. बाई नुसत्या विचारत होत्या."

खोदकामाच्या परवानगीचे काम चालू आहे, असे प्राध्यापकांनी मागच्या आठवड्यात फोनवर सांगितले. यंदा लहानूभाऊंनी त्या वावरात सोयाबीन पेरले आहे. धुऱ्याकडची पट्टी पेरलेली नाही.